हिरव्या उतारावर

मंगळवारी मी अंडी फोडते.
घरी कधी फोडली नाहीत, आईला वासही खपत नाही;
संध्याकाळी ती आंघोळीचं पाणी काढून ठेवते
आणि काही विचारत नाही.
औंधच्या प्रयोगशाळेत सव्वाशे अंडी,
स्पिरिटने पुसून, एकेक.

मुळशीच्या एका म्हाताऱ्याकडचीच लागतात.
त्याच्या कोंबड्यांच्या खाद्यात औषध नसतं.
बाजारातल्या अंड्यात कधी कधी असतो अंश,
मग जंतू वाढत नाही
आणि आम्ही चक्क हळहळतो.
हे बाहेर कुणाला सांगायचं नसतं.

बलकात हिरवा रंग कालवायचा,
बाटल्या तिरप्या निजवायच्या गरम पेटीत,
रस गोठतो, उतार तयार होतो,
भाद्रपदातल्या वेताळ टेकडीला लाजवील असा.
एक उतार नुसता.
बाकीच्यांच्या पोटात एकेक औषध:
रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, आणि पुढची मंडळी.
सगळ्यांवर एकाच माणसाच्या थुंकीतलं थेंबभर.
मग उबवणं.
कोंबडी एकवीस दिवस बसते.
आम्ही बेचाळीस, वेळ पडली तर छप्पन्न.

हा जंतू घाईतला नव्हे.
दिवसातून जेमतेम एकदा दुभंगतो,
पेठेतल्या दुकानदारासारखा, दुपारची झोप सांभाळून.
तेवढ्यात शिकतो मात्र.
चौथ्या महिन्यात बरं वाटायला लागतं, तेव्हा शिकतो.
मेडिकलवाल्याने खोकल्यावर दिलेल्या पाच गोळ्यांत शिकतो.
स्टॉक आला नाही, पुढच्या सोमवारी या,
त्या सोमवारपर्यंत शिकतो.
रजिस्टरात रकाना आहे: रुग्णाने औषध सोडले.
औषधाने रुग्णाला सोडले,
असा रकाना छापायचा राहून गेलाय.

नमुना चारशे सतरा.
आम्हाला नावं नसतात, पण मी ओळखलं:
हैबत खुडे, कासेवाडी, क्लॅरिनेट.
माझ्या भावाच्या वरातीत नाना पेठेच्या चौकात
त्याने एक सूर इतका धरून ठेवला होता
की घोडं थांबलं.
पहिल्या खेपेला सहा महिने इंजेक्शनं झाली.
टीबी गेल्यासारखा झाला, वरचे सूर गेले.
वरचा षड्ज बोटांना कळतो, म्हणाला,
कानाला नाही.
लोक नाचतायत, म्हणजे लागला असेल.

आता परत.
पाचव्या आठवड्यात मी बाटल्या उजेडाकडे धरल्या.
नुसत्या उतारावर पाव कुस्करल्यासारख्या कण्या.
रिफाम्पिसिनवर कण्या.
आयसोनियाझिडवर त्याहून गलेलठ्ठ.
आर, मी लिहिलं. आर. आर.
कार्बन खाली सरकला होता, परत लिहिलं.
हिरवळीवर काहीतरी उगवलेलं पाहून
ज्याचं पोट ढवळतं, ते माझं काम.

शेवटची बाटली, नव्या औषधाची.
स्वच्छ.
नाही, तळाशी एक ठिपका.
बलकाची गुठळी असेल, काचेतला बुडबुडा असेल.
भिंगाखाली धरली. सरांना दाखवली.
सर म्हणाले, असू दे अजून आत.

त्याच दुपारी तो खिडकीशी आला,
काचेपलीकडे, मास्क लावून.
माझ्याही तोंडावर मास्क.
गेली दोन वर्षं तो ओठ वाचून ऐकतो.
ओरडून सांगितलं, त्याने कानाला हात लावला.
मागे रांग होती, एक बाई पोराला धपाटा घालत होती.
शेवटी मी काचेवर वाफ सोडली,
मास्क जरा खाली ओढून, जे करायचं नसतं,
आणि बोटाने आकडा लिहिला: ८.
आठव्या आठवड्यात या.

त्याच्या बाजूने तो उलटा दिसला असणार.
तरी त्याने मान हलवली.
मांडीवर त्याची बोटं
काहीतरी दाबत, सोडत होती.